पाय मोडलेली अक्षरे

संकेतस्थळाचा प्रशासक म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर एखादा तरुण संगणक अभियंता उभा राहत असेल. मराठीपुरते बोलायचे तर ही समजूत आधी बाजूला ठेवलेली बरी. आपल्या भाषेत जी लहानलहान संकेतस्थळे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभी राहिली, ती चालवणारी माणसे बहुधा निराळ्याच पेशातली. कोणी तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचे ग्रंथपाल, कोणी निवृत्त मुख्याध्यापक, कोणी दिवाळी अंक काढणारे संपादक, तर कोणी परदेशात राहून इथल्या मंडळाचे काम हौसेने अंगावर घेतलेल्या बाई. संकेतस्थळ उभे करून देणारा मुलगा केव्हाच पुण्याला नाहीतर बंगळुरूला नोकरीस निघून गेलेला असतो. जाताना त्याने परवलीचे शब्द एका वहीत लिहून दिलेले असतात आणि “मधूनमधून अपडेटचं बटण दाबत जा” एवढा एकच उपदेश मागे ठेवलेला असतो. मग एके दिवशी ते बटण दाबले जाते, पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर येऊन थांबते, आणि आमचा फोन वाजतो.

फोनवरचे पहिले वाक्य ठरलेले असते : “मी काहीच केलं नाही हो.” ते खोटे नसते. बटण दाबण्यापलीकडे त्यांनी खरोखरच काही केलेले नसते. पण त्या वाक्यात एक अपराधी सूर असतो, आणि पुढे जे बिघडते ते बहुतेक वेळा त्या सुरापायी बिघडते. लोकांनी विश्वासाने दिलेले दहा-बारा वर्षांचे लेखन आपल्या हातून गेले, ही भावना माणसाला स्वस्थ बसू देत नाही. आणि अशा वेळी स्वस्थ बसणे हाच पहिला उपचार असतो.

हा आमचा व्यवसाय नव्हे. दोघातिघांना मदत केली, त्यांनी आणखी चौघांना सांगितले, एवढेच. पण या उद्योगात आम्हाला संगणकाविषयी जेवढे कळले त्याहून अधिक मजकुराविषयी कळले. लिहिलेली गोष्ट टिकते कशी, नाहीशी कशी होते, आणि नाहीशी झाली असे वाटते तेव्हा ती खरोखर कुठे असते, हे प्रश्न साहित्याच्या वाचकांनाही परके नसावेत, म्हणून हा तांत्रिक वाटणारा विषय मांडण्याचे धाडस करीत आहोत.

प्रकार असा असतो. संकेतस्थळाचे ढोबळमानाने दोन भाग. एक आज्ञावली, म्हणजे पाने कशी दाखवायची, कोणाला लिहू द्यायचे, हे ठरवणारी नियमांची पोथी. दुसरे विदागार, म्हणजे प्रत्यक्ष लेखन, लेखकांची नावे, तारखा हे सारे जिथे साठवले जाते ते कोठार. (डेटाबेसला विदागार म्हणण्याची मराठी जालावरची जुनी चाल आम्हाला आवडते. धान्याच्या कोठाराची आठवण त्या शब्दात आहे, आणि घुशींचीही.) आज्ञावली नवी आली की कोठाराची मांडणीही तिला अनुरूप करून घ्यावी लागते. वाचनालयातल्या नोंदवहीचे उदाहरण घेऊ. आजवर लेखक, पुस्तकाचे नाव आणि किंमत असे तीन रकाने होते. नवा नियम आला की प्रकाशकाचा चौथा रकाना हवा. ग्रंथपाल पहिल्या पानापासून रेघ मारत निघतात, आणि चारशेबाराव्या पानावर दिवे जातात. आता नियम नवा, पण वही निम्मी नवी आणि निम्मी जुनी. दुसऱ्या दिवशी येणारा मदतनीस नियम वाचून चौथा रकाना शोधू लागतो आणि तो सापडत नाही म्हणून वाचनालयच बंद करून टाकतो.

दिवे जाण्याची कारणे अगदी क्षुल्लक असतात. ज्या पीएचपी भाषेत बहुतेक आज्ञावल्या लिहिलेल्या असतात तिची मूळ ठेवणच अशी, की कोणतेही काम तीस सेकंदांत पुरे झाले नाही तर ते मध्येच तोडायचे. पाचशे लेखांच्या संकेतस्थळाला तीस सेकंद पुरतात. तेच पन्नास हजार प्रतिसादांचे झाले की पुरत नाहीत. तक्त्याची रचना बदलताना जुन्या पद्धतीत त्या सबंध तक्त्याची एक नवी नक्कल तयार होते, तिला तेवढीच जागा लागते. भाड्याने घेतलेली जागा भरत आलेली असेल तर काम तिथेच अडते. म्हणजे संकेतस्थळ जितके जुने आणि जितके लिहिते, तितका हा धोका मोठा. ओस पडलेली संकेतस्थळे बिनबोभाट अद्ययावत होतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अर्धवट झालेले काम आपोआप मागे घेतले जात नाही. मायएसक्यूएल ही विदागारप्रणाली, जिच्यावर किंवा जिच्याच वंशातल्या मारियाडीबीवर बहुसंख्य लहान संकेतस्थळे चालतात, तक्त्याची रचना बदलणारी प्रत्येक आज्ञा तत्काळ पक्की करून टाकते. २०१८ साली आलेल्या तिच्या ८.० या आवृत्तीपासून निदान एक आज्ञा अर्ध्यात तुटली तर त्या आज्ञेपुरते पाऊल मागे घेतले जाते. पण दहा आज्ञांपैकी सहा झाल्या आणि सातवी फसली, तर आधीच्या सहा तशाच राहतात. पोस्टग्रेस ही दुसरी प्रणाली दहाही आज्ञा एकत्र बांधून, एक फसली तर सगळ्या रद्द, असे करू शकते. पण छोट्या संकेतस्थळांच्या नशिबी ती क्वचितच येते.

द्रुपलसारखी आज्ञावली प्रत्येक घटकासाठी एक क्रमांक लिहून ठेवते : या घटकाची अमुक क्रमांकापर्यंतची डागडुजी झाली. एक पायरी पुरी झाली की मगच तो आकडा पुढे सरकतो. पायरी अर्ध्यात तुटली तर रकाना वाढलेला असतो, पण आकडा जुनाच राहतो. प्रशासक पुन्हा तेच बटण दाबतात. आज्ञावली आकडा पाहून पुन्हा तोच रकाना वाढवू जाते आणि विदागार उत्तर देते की या नावाचा रकाना आधीच आहे. आता दोष नवा, इशारा नवा, आणि घाबरलेल्या माणसाला वाटते की आपण आणखी काही मोडले. वस्तुतः हा इशारा शुभवर्तमानच म्हणायला हवा, कारण काम कुठवर झाले ते त्यातून नेमके कळते. वर्डप्रेस याबाबतीत जरा समजूतदार. ते हवी ती रचना आणि आहे ती रचना ताडून पाहते आणि उणे असेल तेवढेच जोडते. त्यामुळे तिथे पुन्हा बटण दाबणे सहसा अंगाशी येत नाही. पण आपले संकेतस्थळ यांपैकी कोणत्या स्वभावाचे आहे, हे बटण दाबणाऱ्याला कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून फोनवर आमचे पहिले वाक्यही ठरलेले असते : “सर, आता कशालाही हात लावू नका.” मग एक संवाद होतो, तो प्रत्येक वेळी थोड्याफार फरकाने असाच.

“पडद्यावर काय दिसतंय?”

“काहीतरी एरर आलाय.”

“तो जसाच्या तसा वाचून दाखवता का?”

“इंग्रजीत आहे हो. डेटाबेसचं काहीतरी आहे.”

“असू द्या. एकेक अक्षर वाचलंत तरी चालेल.”

या एकेक अक्षर वाचण्यात दहा मिनिटे जातात आणि ती वाया जात नाहीत. दोषाचा नेमका मजकूर तर मिळतोच. शिवाय वाचता वाचता समोरच्या माणसाचा श्वास खाली बसतो. हे आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. कोणी केले, केव्हा केले, हे प्रश्न आम्ही त्या दिवशी विचारतच नाही. त्यांची उत्तरे कामाची असतात, पण चौकशीला उभे केल्यासारखे वाटले की माणूस मधले दोन टप्पे गाळून सांगतो, आणि घोटाळा नेमका त्या गाळलेल्या टप्प्यांत असतो.

त्यानंतरचे काम प्रशासकांना चमत्कारिक वाटते. मोडलेल्या विदागाराची, ते आहे त्या मोडक्या अवस्थेत, प्रत काढून बाजूला ठेवायची. “अहो, बिघडलेल्याची प्रत कशाला?” हा प्रश्न आम्हाला आजवर इतक्यांदा ऐकावा लागला आहे की त्याचे उत्तर पाठ झाले आहे. चांगली जुनी प्रत मागच्या महिन्यातली असेल, तर त्यानंतर आलेले सगळे लेखन फक्त या मोडक्या कोठारातच आहे. जुनी प्रत तिच्यावर ओतली की संकेतस्थळ लगेच सुरू होईल, सगळे हायसे म्हणतील, आणि महिन्याभराचे लेखन कायमचे जाईल. ज्यांचे गेले त्यांना ते चार-आठ दिवसांनी कळेल. विदागार मोडण्याने मजकूर फारसा जात नाही. तो जातो दुरुस्तीच्या घाईने. आमच्याकडे आलेल्या प्रकरणांत खरोखर काही हरवले असेल, तर ते जवळपास प्रत्येक वेळी पहिल्या बिघाडानंतरच्या तास-दीड तासात हरवले आहे.

बरे, जुनी चांगली प्रत म्हणावी, तर तीही असते असे नाही. असते, पण ती कोणी उघडून पाहिलेली नसते. निर्यात करताना मध्येच तुटलेली फाईल दिसायला अगदी भरगच्च असते. शेवटच्या ओळीपर्यंत गेल्यावरच कळते की वाक्य अर्ध्यावर सुटले आहे. मायएसक्यूएलचे प्रत काढणारे नेहमीचे साधन, काम पुरे झाले तर अखेरीस तशी एक ओळ लिहून ठेवते. पोथीच्या शेवटी लेखक ‘समाप्त’ लिहीत, त्यातलाच हा प्रकार. ती ओळ आहे की नाही एवढे पाहायला अर्धे मिनिट लागते. आणि हे केवळ आपल्या तालुक्याच्या गावी घडते असे कोणी समजू नये. आज्ञावल्या लिहिणाऱ्यांना त्या ठेवायला जागा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून मुख्य विदागाराचीच फाईलघडी पुसली गेली. प्रती काढण्याच्या एकाहून अधिक व्यवस्था होत्या. त्या वेळी त्यांतली एकही धड उपयोगी पडली नाही. नित्याची प्रत काढणारे साधन विदागाराच्या आवृत्तीहून जुने होते, म्हणून ते रोज अपयशी ठरत होते, आणि त्या अपयशाच्या सूचना देणारी पत्रे वाटेतच नाकारली जात होती. सुमारे सहा तास आधी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी काढलेली प्रत हाताशी होती, तीवर सारे परत उभे राहिले. मधल्या सहा तासांचा मजकूर गेला. कंपनीने हे सगळे लपवले नाही. दुरुस्ती चालू असताना ती लोकांना थेट पाहू दिली. आमच्या फोनवरच्या सरांना आम्ही ही हकिगत मुद्दाम सांगतो.

आता खास आपल्या लिपीचा भाग, ज्यासाठी हे एवढे पाल्हाळ लावले.

मराठी संकेतस्थळाचे अद्ययावतीकरण फसते तेव्हा पुष्कळदा काहीच कोसळत नाही. पाने दिसतात, चित्रे दिसतात, फक्त मजकुराच्या जागी भलतीच चिन्हे उमटलेली असतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, मग कोपऱ्यांना टोके फुटलेले एक वर्तुळ, मग व्यापारी नाममुद्रेचा वर्तुळातला ‘आर’ : ही तीन चिन्हे मिळून आपला ‘म’. युनिकोडच्या रूढ साठवणपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ते तीन बाइट पश्चिम युरोपीय भाषांच्या चौकटीतून वाचले की प्रत्येकाचे एक निराळे अक्षर होते. ‘र’चा तिसरा तुकडा म्हणजे तापमानाच्या अंशाचे वर्तुळ. काना म्हणजे पाऊण, अगदी तीनचतुर्थांशाचा अपूर्णांक. ‘ठ’च्या शेवटी नुसती रिकामी जागा. आणि दीर्घ वेलांटीत तर आधी जपानचा येन आणि मागोमाग युरो. ‘मराठी’ या शब्दाची पाच चिन्हे, त्यांचे पंधरा बाइट, आणि त्यांतून उमटणारी ही सारी आंतरराष्ट्रीय बाजारपेठ.

याचे मूळ जुने आहे. मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनमधला. कोणती लिपी ते सांगितले नाही तर ती पश्चिम युरोपची धरायची आणि अक्षरांचा अनुक्रम स्वीडिश, अशी तिची मूळ ठेवण कित्येक वर्षे होती. २००४ साली ४.१ ही आवृत्ती स्थिरावली तेव्हा प्रत्येक तक्त्याला आपली लिपी सांगण्याची सोय झाली. पण त्या सुमाराची मराठी संकेतस्थळे काहीच न सांगता उभी राहिली. देवनागरीचे बाइट स्वीडिश पाटी लावलेल्या कोठारात जात आणि तसेच बाहेर येत. दार एकच, घालणारा आणि काढणारा एकाच समजुतीचा, त्यामुळे कोणाला काही कळले नाही. वर्डप्रेसच्या २००७ सालच्या २.२ या आवृत्तीने विदागाराशी बोलायची लिपी स्पष्ट सांगणारी ओळ मांडणीच्या फाईलीत आणली. ज्यांनी जुन्या संकेतस्थळावर ती ओळ तशीच उतरवून घेतली, त्यांच्या पडद्यावर येन आणि युरो उमटले.

इथे घाबरण्यासारखे काही नसते. मजकूर शाबूत असतो, फक्त वाचणारा त्याला परकी भाषा समजून वाचत असतो. तक्त्यातल्या रकान्याला आधी ‘हे अक्षर नव्हे, नुसते बाइट आहेत’ असे सांगायचे, आणि मग दुसऱ्या पावलाला ‘हे बाइट युनिकोडचे आहेत’ असे सांगायचे. दोन पावलांत सगळे मराठी परत उभे राहते. उलट कोणी सरळ ‘पश्चिम युरोपीयचे युनिकोड करा’ अशी आज्ञा दिली, तर विदागार इमानाने त्या येन-युरोंचेच युनिकोड करते, आणि गोंधळावर गोंधळाचा दुसरा थर चढतो. तोही उतरवता येतो. जे कधीच परत येत नाही ते म्हणजे प्रश्नचिन्ह. देवनागरी अक्षर पश्चिम युरोपीय चौकटीत खरोखर बसवू पाहिले की बसत नाही, आणि विदागार त्या जागी प्रश्नचिन्ह लिहून मोकळे होते. मग ‘मराठी’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे, ‘माणूस’च्याही जागी पाचच. त्यात काही दडलेले नसते. म्हणून आम्ही फोनवर पहिल्यांदा विचारतो : चित्रविचित्र चिन्हे दिसतात की प्रश्नचिन्हे? चित्रविचित्र म्हटले की आम्हाला हायसे वाटते, आणि पलीकडच्या माणसाला आमचे हायसे वाटणे समजत नाही.

मोडी लिपीची एक निराळीच कथा. मोडीला युनिकोडात स्थान मिळाले ते २०१४ साली, आणि तिच्या अक्षरांना तीन नव्हे, चार बाइट लागतात. मायएसक्यूएलचे ‘युटीएफ-८’ मात्र नावापुरते पूर्ण, प्रत्यक्षात तीन बाइटांपर्यंतच जाणारे. लेखात मध्येच मोडीचे एक अक्षर आले की सैल मांडणीच्या विदागारात तिथून पुढचा सगळा लेख कापला जाई. पुढे चार बाइटांची सोय झाली. २०१५ च्या एप्रिलात आलेल्या वर्डप्रेस ४.२ ने जुने तक्ते तिच्यात बदलायला घेतले. तिथेही एक खोच. अनुक्रमणिकेतली नोंद तेव्हा ७६७ बाइटांपेक्षा मोठी चालत नसे. २५५ अक्षरे प्रत्येकी तीन बाइटांनी ७६५, म्हणजे बसत; चार बाइटांनी १०२०, ती कशी बसणार? म्हणून अनुक्रमणिका १९१ अक्षरांवर आणावी लागली, आणि ज्या जोडण्यांच्या कर्त्यांनी हा हिशेब केला नव्हता, त्यांची अद्ययावतीकरणे तिथे अडून बसली. ही मर्यादा पुढच्या आवृत्त्यांत वाढली. असो.

एक प्रकरण मात्र असे आले की त्यात येन-युरोही नव्हते आणि प्रश्नचिन्हेही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावातले वाचनालय. त्यांच्या संकेतस्थळावर ‘आठवणी’ नावाचा एक विभाग होता, गावातल्या वृद्धांनी लिहिलेला. त्यात एका निवृत्त शिक्षिकेचे चौदा लेख. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, त्यानंतरचे तंबूतले दिवस, सासर, शाळा. बाई सांगत आणि सून थेट संकेतस्थळावर टंकत जाई; कागदावर काही नाही. बाई वारल्या. पुढे जागा देणारी कंपनी बदलताना विदागारही नव्या आवृत्तीवर गेले, आणि सगळा विभाग येन-युरोंनी भरून गेला. तोवर मजकूर शाबूत होता. मग कोणीतरी सुचवले म्हणून निर्यात केलेली फाईल एका रूपांतर करणाऱ्या साधनातून काढली गेली, परत आत भरली गेली, आणि जुना तक्ता पुसला गेला. मराठी परत आले. पण जागोजाग खड्डे पडलेले.

खड्डे कुठे होते ते पाहता पाहता आम्हाला कोडे उलगडले. पश्चिम युरोपच्या त्या चौकटीत पाच घरे रिकामी आहेत, तिथे कोणतेच अक्षर नेमलेले नाही. त्या साधनाने या रिकाम्या घरांत सापडलेले बाइट मुकाट्याने गाळले. आणि दैवदुर्विलास असा की त्यांतल्या एका घरात आपला हलन्त राहतो, एकात ह्रस्व उकार, एकात ‘ए’, एकात ‘ऐ’, एकात ‘झ’. म्हणजे सबंध मजकुरातले जोडाक्षरांचे पाय आणि पहिले उकार तेवढे नेमके गेले. ‘पुस्तक’ हा शब्द ‘प’, खड्डा, ‘स’, खड्डा, ‘तक’ असा उरला. खड्ड्यात उरलेल्या पहिल्या दोन बाइटांवरून एवढेच कळे की इथे स्वर किंवा ‘झ’ होता की हलन्त-उकारापैकी एक. पुढचे यंत्राला सांगता येत नाही. मराठी वाचता येणारा माणूसच हवा.

ग्रंथपाल आणि आम्ही पाच आठवडे, रोज रात्री तासभर, ते चौदा लेख भरत होतो. सोपे होते, मराठी वाचणाऱ्याला ‘पुस्तक’ भरायला कितीसा वेळ लागणार? कष्ट निराळेच होते. ग्रंथपालांचा हात मधूनमधून शुद्धलेखनाकडे वळे. “बाईंनी इथं ‘विहिर’ पहिली वेलांटी दिलीय, आता करतोच आहोत तर दुरुस्त करूया.” आम्ही नको म्हणत होतो. खड्डा भरायचा अधिकार आम्हाला होता, कारण तिथे काहीतरी होते हे निश्चित होते. वेलांटी बदलण्याचा नव्हता. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती, तेव्हाचा दंडक हाच : हस्तलिखिते जेवढे सांगतात तेवढेच छापायचे, आणि जिथे पाठ निश्चित नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ द्यायची. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा तीत कोणी आपली ओवी मिसळू नये असेच बजावले होते. एवढी थोर नावे वाचनालयाच्या विदागारासाठी घ्यावीत का, असे कोणी म्हणेल. पण काम तेच आहे. गेलेल्या माणसाचा मजकूर, आणि त्याला विचारता न येणे.

सहाव्या लेखात ते वाक्य आले. “सासूबाईंची माया घराप”, मग खड्डा, मग “रती होती.” उकार भरला तर ‘घरापुरती’, हलन्त भरला तर ‘घराप्रती’. एकात माया उंबऱ्याशी थांबते. दुसऱ्यात ती घरावर ओसंडते. आधीच्या परिच्छेदात तंबूतल्या शेजाऱ्यांना धान्य द्यावे की नाही यावरून झालेली कुरबूर होती, आणि नंतरच्या परिच्छेदात सासूबाईंनी पडलेल्या भिंतीची माती स्वतः चाळल्याचे वर्णन. संदर्भ दोन्हीकडे झुकत होता. शिक्षिका असल्याने त्यांनी ‘प्रति’ ह्रस्व लिहिले असते, इथे तर दीर्घ वेलांटी शाबूत आहे, तेव्हा ‘पुरती’च, असा आमचा तर्क. पण २०११ सालची एक अपुरी प्रत ग्रंथपालांच्या कपाटात एका तबकडीवर मिळाली, तीत त्यांचे पहिले दोनच लेख होते आणि त्यांतल्या एकात ‘मुलांप्रती’ असे स्वच्छ दीर्घ लिहिलेले होते. तर्क तिथेच संपला.

ग्रंथपाल म्हणाले, “‘प्रती’ करून टाकू. त्या घरातली माणसं गावातच आहेत. वाचून कुणाला वाईट वाटायला नको.”

“आणि बाईंना ‘पुरती’ म्हणायचं असलं तर?”

“त्या आता कुठं वाचणार आहेत.”

त्यांच्या म्हणण्यात दुष्टावा नव्हता, उलट गावात राहणाऱ्या माणसाचा व्यवहारी कळवळा होता. सुनेला विचारले. टंकताना आपण ऐकले तसे लिहिले, एवढेच तिला आठवत होते. मग ती थोडी थांबून म्हणाली की सासूबाईंच्या सासूबाईंना तिने पाहिलेलेच नाही. शेवटी तिन्ही मतांनी ठरले ते असे, की शब्द ‘घरापुरती’ असा ठेवायचा, खाली नागमोडी रेघ द्यायची, आणि लेखाच्या तळाशी ‘घराप्रती’ असाही पाठ संभवतो हे दोन ओळींत लिहायचे. असे चौदा लेखांत एकंदर अकरा शब्द निघाले. बाकीचे दहा किरकोळ आहेत.

वाचनालयाचे संकेतस्थळ त्यानंतर दोनदा अद्ययावत झाले. ग्रंथपाल आता आधी प्रत काढतात, तिची शेवटची ओळ पाहतात, ती प्रत दुसऱ्या जागी उभी करून बटण आधी तिथे दाबतात, आणि ‘आठवणी’तला सहावा लेख उघडून रेघ जागेवर आहे का ते बघतात. दुसऱ्या खेपेस रेघ दिसेना म्हणून त्यांनी रात्री साडेदहाला फोन केला होता. रेघ होती, नव्या मांडणीत तिचा रंग फिका झाला होता.